अमेरिका युद्धात का उतरली? : १९१७ आणि १९६४

विद्यार्थी मित्रहो, इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत 'अमुक युद्धाची कारणे लिहा' हा प्रश्न हटकून येतो आणि त्याचे उत्तरही तुमच्या वहीत तयार असते. आधी मूलभूत कारणे, क्रमांक घालून. शेवटी एका परिच्छेदात तात्कालिक कारण. साराजेव्होला राजपुत्राचा खून झाला आणि महायुद्ध पेटले. पाच गुण. मी स्वतः कित्येक वर्षे हे असेच शिकवीत आलो, तेव्हा त्याची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. पण एकदा नववीच्या वर्गात एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, तात्कालिक कारण पुढे खोटे निघाले तर युद्ध मागे घेतात का?" वर्ग हसला. मीही हसलो. उत्तर मात्र मला त्या तासाला देता आले नाही.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेइतका सोयीचा देश दुसरा नाही. तेथे युद्ध पुकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. १७८७ साली लिहिलेल्या राज्यघटनेने तो तेथील संसदेला, म्हणजे काँग्रेसला दिला आहे. (ही काँग्रेस म्हणजे प्रतिनिधिगृह व सीनेट ही दोन सभागृहे, आपल्याकडील पक्षाशी तिचा काही संबंध नाही.) त्यामुळे युद्धात उतरायचे तर कोणाला तरी उभे राहून कारण सांगावे लागते, दुसऱ्यांना ते ऐकून मत द्यावे लागते आणि हे सारे छापून ठेवले जाते. अशी दोन मतदाने आपण पाहू. एक एप्रिल १९१७ चे, ज्याने अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. दुसरे ऑगस्ट १९६४ चे, ज्याने व्हिएतनामच्या युद्धाचे दार उघडले. मधले १९४१ चे युद्ध मी मुद्दाम बाजूला ठेवले आहे. पर्ल हार्बरवर बाँब पडल्यावर कारण शोधत बसण्याची वेळच आली नाही.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध सुरू झाले, तेव्हा अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तटस्थता जाहीर केली. नुसत्या कृतीने नव्हे, तर मनानेही तटस्थ राहा, असे त्यांनी आपल्या देशबांधवांना सांगितले. त्यामागे तत्त्व होते तसाच व्यवहारही होता. त्या काळी अमेरिकेतील सुमारे एकतृतीयांश लोक स्वतः तरी परदेशात जन्मलेले होते किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी कोणीतरी परदेशचे होते. जर्मन घराण्यांतून आलेले लोक ऐंशी लाखांच्या घरात होते. आयर्लंडहून आलेल्यांचा इंग्रजांवर जुना राग होता. युरोपातील भांडण उंबरठ्याच्या आत आले तर घरातच दोन तट पडतील, ही विल्सन यांची भीती अगदी खरी होती.

मनाने तटस्थ राहता येईलही. व्यापाराने राहता येत नाही. इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली होती. साहजिकच अमेरिकेचा जर्मनीशी चालणारा व्यापार जवळजवळ बंद पडला आणि इंग्लंड-फ्रान्सशी चालणारा भराभर वाढला. १९१४ साली दोस्त राष्ट्रांना सुमारे ८२ कोटी डॉलर्सचा माल गेला होता; १९१६ साली तो आकडा ३०० कोटींच्या पुढे गेला. हा माल उधारीवर जात असे. एप्रिल १९१७ पर्यंत अमेरिकेतून दोस्तांना सुमारे २३० कोटी डॉलर्सचे कर्ज मिळाले होते. जर्मनीला मिळालेले कर्ज तीन कोटींच्याही आत होते. मॉर्गन ह्या प्रसिद्ध पेढीने इंग्लंडसाठी कर्ज उभारायचे आणि त्याच पैशातून इंग्लंडसाठी खरेदीही करायची, असा सारा मामला होता. ज्याला उधारी दिली, तो बुडू नये असे सावकाराला वाटणारच.

जर्मनीजवळ ह्याला उत्तर एकच होते, पाणबुडी. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. सुमारे १२०० माणसे दगावली, त्यांत १२८ अमेरिकन होते. जहाजात बंदुकीच्या काडतुसांच्या पेट्याही होत्या, हे जर्मनीचे म्हणणे खोटे नव्हते. पण बुडालेल्या बायकामुलांची छायाचित्रे पाहणाऱ्याला त्या पेट्यांचे काय? तरीही, हे ध्यानात घ्या, अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नाही. विल्सन यांनी निषेधाचे खलिते पाठविले. तेवढ्यानेही आपण युद्धाकडे ओढले जाऊ, असे वाटून त्यांचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी राजीनामा दिला. पुढे मे १९१६ मध्ये जर्मनीने सूचना दिल्याशिवाय व्यापारी जहाजे न बुडविण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विल्सन पुन्हा निवडून आले. ह्या माणसाने आपल्याला युद्धापासून दूर ठेवले, असा त्यांच्या पक्षाचा प्रचार होता.

मग पाच महिन्यांत असे काय घडले? जर्मनीच्या आरमारी अधिकाऱ्यांनी एक हिशेब मांडला. दरमहा सहा लाख टनांची जहाजे बुडवली, तर पाच महिन्यांत इंग्लंड उपाशी पडून शरण येईल. अमेरिका चिडेल, पण तिचे सैन्य युरोपात पोचण्याआधीच खेळ संपलेला असेल. त्यानुसार १ फेब्रुवारी १९१७ पासून कोणत्याही देशाचे कोणतेही जहाज बेधडक बुडविण्याचे जाहीर झाले. विल्सन यांनी जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले. युद्ध मात्र पुकारले नाही.

ह्याच सुमारास ती प्रसिद्ध तार उघडकीस आली. तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण माझ्या लेखाचा अर्धा भार तिच्यावर आहे. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमन यांनी १६ जानेवारी रोजी मेक्सिकोतील आपल्या वकिलासाठी सांकेतिक लिपीत एक तार पाठविली. अमेरिका युद्धात उतरलीच, तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने लढावे. मोबदल्यात पूर्वी गमावलेले टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना हे प्रांत परत मिळविण्यास जर्मनी मदत करील, असा तिचा मजकूर. गंमत अशी की ही तार बर्लिनहून निघाली ती अमेरिकेच्याच सरकारी तारायंत्रावरून. शांततेच्या वाटाघाटी सुलभ व्हाव्यात म्हणून विल्सन यांनीच जर्मनीला ही सवलत दिली होती!

ती तार इंग्लंडमार्गे जात होती आणि इंग्रजांच्या आरमारी खात्यातील 'रूम ४०' ह्या नावाच्या कचेरीत ती उकलली गेली. पण इंग्रजांची पंचाईत झाली. तार दाखवावी तर आपण अमेरिकेचेही टपाल चोरून वाचतो, हे कबूल करावे लागणार. तेव्हा त्यांनी युक्ती केली. वॉशिंग्टनहून मेक्सिकोला हीच तार साध्या तारकचेरीतून गेली होती. तिची प्रत त्यांनी मेक्सिकोत हस्तगत केली आणि २४ फेब्रुवारीला अमेरिकेच्या वकिलाच्या हाती ठेवली. १ मार्चला ती सगळ्या वृत्तपत्रांत झळकली.

आता पुढचे नीट पाहा. लोक खवळून उठले. पण त्याच वेळी पुष्कळांनी विचारले, ही तार खरी कशावरून? इंग्रजांनी आपल्याला युद्धात ओढण्यासाठी ती रचली नसेल कशावरून? जर्मन वंशाच्या लोकांची वृत्तपत्रे तर तिला सरळ बनावट म्हणाली. सीनेटने अध्यक्षांकडे विचारणा केली की ही तार अस्सल असल्याची ग्वाही आपण देता काय? सरकारने ग्वाही दिली. तेवढ्यावर शंका मिटली नसती. पण ३ मार्चला खुद्द झिमरमन यांनीच बर्लिनमध्ये सांगून टाकले की होय, तार माझीच आहे. त्यांनी हे का कबूल केले, ह्याचे इतिहासकारांना आजही नवल वाटते. ते नुसते 'नाही' म्हणाले असते तरी वाद कित्येक महिने चालला असता.

मार्चच्या मध्यास अमेरिकेची तीन व्यापारी जहाजे लागोपाठ बुडाली. रशियात झारची सत्ता कोसळली, त्यामुळे दोस्तांची बाजू ही लोकशाहीची बाजू, असे म्हणण्यातली मोठी अडचण दूर झाली. २ एप्रिलच्या रात्री विल्सन काँग्रेसपुढे उभे राहिले आणि लोकशाहीला ह्या जगात निर्धास्तपणे नांदता यावे म्हणून आपण लढले पाहिजे, असे म्हणाले. एक कारण मात्र त्या भाषणात आले नाही. जेन ॲडम्स ह्या शांततावादी समाजसेविकेने पुढे लिहून ठेवले आहे की त्याच फेब्रुवारीत विल्सन यांनी तिला सांगितले होते, युद्धात भाग घेतलेल्या देशाच्या प्रमुखाला तहाच्या मेजावर जागा मिळेल. तटस्थ राहिलो तर दाराच्या फटीतून ओरडावे लागेल. मला स्वतःला विल्सन यांच्या मनातले हे सर्वांत जवळचे कारण वाटते.

मतदान झाले. सीनेटमध्ये युद्धाच्या बाजूने ८२, विरुद्ध ६. नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस म्हणाले, आपण राष्ट्रध्वजावर डॉलरचे चिन्ह काढायला निघालो आहोत. प्रतिनिधिगृहात रात्रभर चर्चा चालली आणि ६ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास ३७३ विरुद्ध ५० अशी मते पडली. विरोध करणाऱ्यांत विल्सन यांच्याच पक्षाचे सभागृहातील नेते क्लॉड किचिन होते. आणि मोंटाना राज्यातून निवडून आलेल्या जेनेट रँकिन होत्या, काँग्रेसमध्ये बसणारी पहिली स्त्री. सभागृहात येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. ही बाई आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

येथून ४७ वर्षांची उडी घेण्याआधी पॅरिसमध्ये थोडे थांबू. १९१९ साली तेथे तहाची परिषद भरली होती. विल्सन यांना मेजावर हवी ती जागा मिळाली होती आणि प्रत्येक राष्ट्राला आपले भवितव्य ठरविण्याचा हक्क असावा, ह्या त्यांच्या घोषणेने जगभरच्या पारतंत्र्यातील लोकांच्या आशा पालवल्या होत्या. त्या परिषदेकडे फ्रेंचांच्या अमलाखालील व्हिएतनामी लोकांनीही एक अर्ज पाठविला. मागण्या अगदी माफक होत्या : राजबंद्यांची सुटका, मुद्रणस्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता. खाली सही होती न्युएन आय क्वोक. अर्जाला दाद मिळाली नाही. हाच सही करणारा तरुण पुढे हो चि मिन्ह ह्या नावाने जगाला माहीत झाला. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत त्याने स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा त्या जाहीरनाम्याची सुरुवात त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील शब्दांनी केली होती.

तरीही अमेरिका त्याच्या विरोधात गेली. फ्रेंच आपली वसाहत परत घेण्यासाठी लढू लागले आणि १९५० पासून त्यांना अमेरिकेचा पैसा मिळू लागला. १९५४ पर्यंत त्या लढाईच्या खर्चाचा सुमारे चारपंचमांश भार अमेरिका उचलत होती. त्या वर्षी मे महिन्यात दिएन बिएन फूला फ्रेंचांचा पाडाव झाला. जिनेव्हाच्या करारानुसार सतराव्या अक्षांशावर देशाचे तात्पुरते दोन भाग पडले, कराराच्या देखरेखीसाठी भारत, कॅनडा व पोलंड यांचे मंडळ नेमले गेले, त्याचे अध्यक्षपद भारताकडे आले आणि आपले अधिकारी व जवान तिकडे गेले. १९५६ मध्ये व्हावयाच्या निवडणुका झाल्याच नाहीत. हो चि मिन्ह त्या जिंकतील, अशी दक्षिणेकडील राज्यकर्त्यांना व अमेरिकेलाही भीती होती.

अमेरिकेचे उघड कारण अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एप्रिल १९५४ मध्ये पत्रकारांना सांगितले होते. डॉमिनोच्या उभ्या सोंगट्यांतली एक पडली की रांगच्या रांग पडते, तसा एक देश कम्युनिस्टांच्या हाती गेला की शेजारचेही जातील. दुसरे कारण घरचे होते. १९४९ साली चीन कम्युनिस्ट झाला, तेव्हा ट्रूमन यांच्या पक्षावर 'चीन गमावला' असा आरोप झाला. त्यानंतर व्हिएतनाम गमावण्याची कोणा अध्यक्षाची छाती झाली नाही. केनेडींच्या काळात अमेरिकन लष्करी सल्लागारांची संख्या हजाराच्या आतून सोळा हजारांवर गेली. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींचा खून झाला व लिंडन जॉन्सन अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी निवडणूक होती. जॉन्सन तेव्हा सभांतून सांगत होते की आशियाई तरुणांनी जे करायचे ते करण्यासाठी आपण आपली मुले हजारो मैल दूर पाठविणार नाही. १९१६ चीच गोष्ट पुन्हा, नाही का?

आता टोंकीनच्या आखातात जाऊ. २ ऑगस्ट १९६४ रोजी 'मॅडॉक्स' ह्या अमेरिकन विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामच्या तीन टॉर्पेडो नौका चालून आल्या. हे खरोखर घडले. जहाजाला एक गोळी लागली. पण अमेरिकन जनतेला एक गोष्ट सांगितली गेली नाही. दोनच दिवसांपूर्वी दक्षिण व्हिएतनामच्या नौकांनी तेथील बेटांवर गुप्त हल्ले केले होते आणि त्यांची आखणी अमेरिकेच्या मदतीने झाली होती.

४ ऑगस्टची रात्र अंधारी व वादळी होती. 'मॅडॉक्स' व तिच्या जोडीची 'टर्नर जॉय' ह्या दोन्ही जहाजांनी आपल्यावर पुन्हा हल्ला झाल्याचे कळविले आणि ती कित्येक तास काळोखात तोफा डागत राहिली. वीसहून अधिक टॉर्पेडो मोजले गेले. मग 'मॅडॉक्स'वरील वरिष्ठ अधिकारी कॅप्टन हेरिक यांनाच शंका येऊ लागली. त्यांनी संदेश पाठविला : खराब हवामानामुळे रडारवर भलतेच दिसले असावे, पाण्याखालचे आवाज टिपणारा माणूस अतिउत्साही असावा, डोळ्यांनी कोणी काही पाहिलेले नाही, पूर्ण छाननी झाल्याशिवाय पुढचे पाऊल उचलू नये. आकाशातून घिरट्या घालणारे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांनाही एकही शत्रुनौका दिसली नव्हती.

छाननी व्हायला एक दिवस लागला असता, फार तर दोन. तेवढा धीर कोणाला नव्हता. त्याच रात्री बाराच्या आत जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले आणि हल्ल्याचे उत्तर दिले जात आहे, असे त्यांनी देशाला सांगितले. विमाने निघाली. ज्या स्टॉकडेलनी समुद्रावर काहीच पाहिले नव्हते, त्यांनाच सकाळी बदल्याच्या हल्ल्याचे नेतृत्व करण्याचा हुकूम मिळाला. पुढच्या वर्षी त्यांचे विमान पाडले गेले आणि ते सात वर्षांहून अधिक काळ हनोईच्या तुरुंगात होते. त्या छळात त्यांना एक भीती सतत होती, की ४ ऑगस्टला आपण काहीच पाहिले नाही, हे आपल्या तोंडून निघू नये.

काँग्रेसपुढे ठराव आला. हल्ले परतविण्यासाठी व पुढील आगळीक रोखण्यासाठी अध्यक्षांनी आवश्यक ती सर्व पावले उचलावीत, असा त्याचा आशय. अशा ठरावाचा मसुदा मे-जूनमध्येच तयार झाला होता, हे सभासदांना ठाऊक नव्हते. ७ ऑगस्ट रोजी प्रतिनिधिगृहाने सुमारे चाळीस मिनिटांत तो मंजूर केला. ४१६ विरुद्ध शून्य. चाळीस मिनिटांत, मित्रहो, आपल्या शाळेचा एक तास होतो. सीनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ह्या ठरावामुळे मोठे सैन्य व्हिएतनाममध्ये उतरणार नाही, अशी दुरुस्ती सीनेटर नेल्सन सुचवू पाहत होते. तिची गरज नाही, अध्यक्षांचा तसा हेतू नाही, असे ठराव मांडणाऱ्या फुलब्राइट यांनी त्यांना समजावले. फुलब्राइट यांचा त्या वेळी स्वतःचा तसाच विश्वास होता. पुढे त्यांना त्याचा फार पश्चात्ताप झाला.

विरोधी दोन मते ओरेगनचे वेन मोर्स व अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग यांची. मोर्स हे मूळचे कायद्याचे प्राध्यापक. जहाजाची नोंदवही मागवून घ्या, असे संरक्षण खात्यातूनच कोणीतरी त्यांना फोनवर सुचविले होते. बेटांवरच्या हल्ल्यांविषयी त्यांनी प्रश्न केला, तेव्हा आमच्या आरमाराला त्याची माहितीच नव्हती, असे उत्तर संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी दिले. ते खरे नव्हते. १९६८ च्या निवडणुकांत मोर्स व ग्रुनिंग दोघेही पडले.

दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे कसे कळले? हळूहळू आणि फार उशिरा. १९६८ मध्ये फुलब्राइट यांच्या समितीने त्या रात्रीचे संदेश तपासले. जून १९७१ मध्ये संरक्षण खात्याचा गुप्त इतिहास डॅनियल एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांपर्यंत पोचविला. योगायोग असा की त्या खात्यातील त्यांच्या नोकरीचा पहिला पूर्ण दिवस होता ४ ऑगस्ट १९६४. कॅप्टन हेरिक यांचे संदेश त्यांनी त्याच दिवशी वाचले होते. १९९५ मध्ये म्हाताऱ्या मॅक्नमारांनी हनोईत जनरल जियाप यांना विचारले, त्या रात्री काय झाले? जियाप म्हणाले, काहीच नाही. आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या हेरखात्याचाच एक अभ्यास खुला झाला. पकडलेले शत्रूचे बिनतारी संदेश चुकीचे लावले गेले आणि हल्ला झाला नाही असे दाखविणारे बाजूला पडले, असे त्यात त्यांच्याच इतिहासकाराने लिहिले आहे.

एल्सबर्ग यांनी बाहेर काढलेल्या कागदांत मार्च १९६५ चे एक टिपण आहे. त्यात जॉन मॅक्नॉटन ह्या संरक्षण खात्यातील बड्या अधिकाऱ्याने युद्धाची उद्दिष्टे चक्क टक्क्यांत मांडली आहेत. सत्तर टक्के, अमेरिकेचा मानहानिकारक पराभव टाळणे. वीस टक्के, तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणे. दहा टक्के, दक्षिण व्हिएतनामच्या जनतेला अधिक चांगले व मोकळे जीवन मिळू देणे. इतके प्रामाणिक टिपण सरकारी कागदांत क्वचितच सापडते. भाषणांत मात्र शेवटचे दहा टक्केच सांगितले जात होते.

आता दोन्ही मतदाने शेजारी ठेवा. १९१७ चा पुरावा लोकांनी संशयाने पाहिला, उलटून पाहिला, आणि तो खरा निघाला. १९६४ च्या पुराव्यावर जवळजवळ कोणी संशयच घेतला नाही, आणि तो पोकळ निघाला. ह्यावरून पहिले युद्ध न्यायाचे व दुसरे अन्यायाचे, असा सोपा हिशेब कोणी करू नये. झिमरमनची तार खरी होती म्हणून मॉर्गनच्या पेढीची उधारी नाहीशी होत नाही. टोंकीनचा हल्ला खोटा होता म्हणून कम्युनिझमची भीती सोंग होती, असेही नाही. ती त्या माणसांना मनापासून वाटत होती. तात्कालिक कारण खरे की खोटे, ह्याने मूळ कारणे बदलत नाहीत. बदलते ते एवढेच की मत देणाऱ्याला आपण कशाला मत देतो आहोत, हे ठाऊक होते की नाही.

प्रश्न विचारण्याची वेळही दोन्ही खेपेस उलटसुलट आली. १९१७ मध्ये मतदानापर्यंत सारे मोकळे होते; युद्ध पुकारल्यावर मात्र तोंडे बंद करण्यात आली. युद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून समाजवादी पुढारी युजीन डेब्ज यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि तुरुंगातूनच ते १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक लढले. नऊ लाखांवर मते पडली! व्हिएतनामच्या वेळी मतदान मुकाट्याने झाले आणि प्रश्न नंतर रस्त्यावर आले. सैन्यात दाखल होण्यास नकार देणाऱ्या महंमद अलीचे अजिंक्यपद १९६७ साली गेले, हे तर आपल्याकडच्या जुन्या पिढीला वृत्तपत्रांतून वाचल्याचे आठवत असेल. चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली.

पहिल्या युद्धात अमेरिकेचे सुमारे १ लाख १६ हजार सैनिक गेले, निम्म्याहून अधिक रोगराईने व इतर कारणांनी. व्हिएतनाममध्ये ५८ हजारांवर. व्हिएतनामच्या सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार त्यांचे वीस लाख नागरिक आणि अकरा लाख लढवय्ये मृत्यू पावले.

जेनेट रँकिन यांचे सांगायचे राहिले. १९१७ नंतर त्यांची जागा गेली. त्या पुन्हा निवडून आल्या त्या १९४० साली, आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानविरुद्धच्या युद्धाला ३८८ विरुद्ध १ मत पडले, ते एक मत त्यांचे. मला स्वतःला त्यांचे हे मत पटत नाही. गांधीजींविषयी त्यांना फार आदर होता व त्या अनेकदा भारतात आल्या होत्या. जानेवारी १९६८ मध्ये काही हजार स्त्रियांचा मोर्चा घेऊन त्या वॉशिंग्टनला काँग्रेसच्या इमारतीसमोर गेल्या. तेव्हा त्यांचे वय ८७ होते.

आणि त्या मुलीचा प्रश्न. तिला आज मी हे सांगेन. टोंकीनचा ठराव काँग्रेसने रद्द केला आणि जानेवारी १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. त्या दिवशी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे तीन लाखांहून अधिक सैनिक होते. ते आहेत म्हणून त्यांच्या रक्षणासाठी लढणे भाग आहे, असे नवे कारण आता सांगण्यात येत होते. अमेरिकेचे सैन्य पुरते परतले ते मार्च १९७३ मध्ये.